सुंदराबाईचा सत्त्वाचा पाटा

मित्रांनो, मी घणसोली गावातला एक काळा, झिजलेला पाटा. पाथरवटाने टाकीचे घाव घालून मला घडवलं आणि सुंदराबाई मला डोक्यावरून घरी घेऊन आली. माझ्यावर वाटलेल्या मसाल्याचं कालवण अख्खी आळी वाखाणायची. तेव्हा माझा काय तोरा होता म्हणून सांगू!

पण माझा खरा मान गव्हाच्या सत्त्वाचा. लेकरू अशक्त झालं की सुंदराबाई गहू भिजत घालायची, माझ्यावर वाटायची, फडक्यातून गाळायची. चोथा कोंबड्यांना आणि तळाशी बसलेलं पांढरं सत्त्व लेकराला.

त्र्याऐंशी साली तिची नात स्मिता वाळू लागली. पोट फुगलेलं, हातापायांच्या काड्या, जुलाब थांबता थांबेनात. मुंबईच्या डॉक्टरांनी तिच्या आतड्याचा इवलासा तुकडा काढून तपासला. पोरीला गहू सोसत नाही, म्हणाले. औषध नाही, चपाती, पाव, बिस्किट जन्मभर बंद, हाच उपाय.

स्मिताची आई गोजरा हिने डोळ्यांत तेल घालून पथ्य पाळलं. घरात तांदळाची भाकरी तेवढी भाजली जायची. तरी पोर खंगतच गेली, कारण सुंदराबाई रोज तिला सत्त्व शिजवून भरवत होती!

"आये, त्यान गहू हाय ना?" गोजराने एकदा भीतभीत विचारलं.

"येरी का खुली तू? गहू चोथ्यान गेला. यो निसता कस हाय. कस नाय दिला तं पोर जगंल कशी?"

गोजराला ते पटलं. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, तेव्हा तिने पोरीची शपथ घेऊन सांगितलं, "एक दाना नाय दिला, साहेब." घरी येऊन ती हे सासूला सांगत होती आणि मी तिथेच, सत्त्वाने माखलेला पडून होतो. दगडाला वाचा नसते, याचं इतकं दुःख मला कधीच झालं नव्हतं.

शिमग्याच्या आधी स्मिता गेली. "सत्वावर तगली तवरी तगली," असं सुंदराबाई आल्यागेल्याला रडत सांगायची आणि गोजरा मान हलवायची. पुढे घरात मिक्सर आला, मला कुणी विचारेना. बरं झालं, असंच वाटलं मला.

पण काल मला घासूनपुसून आत घेतलं. स्मिताच्या धाकट्या भावाला, दिलीपला, जुलाब लागलेत. मित्रांनो, डॉक्टरांना घरातला घास न् घास सांगत जा. आणि कुणीतरी धावत जाऊन गोजराला सांगा रे, सत्त्व म्हणजे गहूच! पातेल्यात गहू भिजलेत.