माझ्या तोंडी शून्य घातलं

मित्रांनो, मी एक जुना कप्पा आहे आणि माझं डोकं फिरलेलं आहे. गोड गोष्ट ऐकायला बसला असाल तर आत्ताच उठा, मागून तक्रार चालणार नाही.

संगणकाचा जो भाग विचार करतो, त्याला प्रोसेसर म्हणतात. त्याच्या पोटात एकेक आकडा ठेवायचे बारके कप्पे असतात. त्यांचं नाव रजिस्टर. शाळेत हजेरी मांडतात ते नव्हे, आमच्यात एका वेळी एकच आकडा मावतो. माझ्यातला आकडा म्हणजे ‘इतक्या सेकंदांनी मला उठव’ असा निरोप असतो. प्रोग्रॅमने माझ्यात तीस लिहिले की तीस सेकंदांनी मी त्याला हलवून जागं करायचं. काम एवढंच, पण त्यात कधी हयगय झाली नाही.

आता लपवत नाही, मी खराखुरा कप्पाही नाही. माझ्या जातीचे प्रोसेसर बनायचे केव्हाच बंद झाले. पण त्यांच्यासाठी लिहिलेले जुने प्रोग्रॅम अजून कामावर आहेत, त्यांना कोण सांभाळणार? मग एका मोठ्या नव्या संगणकात हायपरवायजर नावाचा कारभारी बसवतात. तो आत बरेचसे आभासी संगणक थाटतो. जुना प्रोग्रॅम त्यातल्या एकात सुखाने नांदतो. त्याला वाटतं, आपण आपल्या जुन्याच घरी आहोत. तो माझ्याकडे हात पुढे करतो तेव्हा कारभारी तो हात मधेच धरतो आणि खऱ्या कप्प्याने जे केलं असतं ते करून देतो. ते कसं करायचं हे चाळीस ओळींत लिहिलेलं असतं. त्या चाळीस ओळी म्हणजे मी.

मला लिहिलं एका चष्मेवाल्या इंजिनीअर बाईने. जुन्या प्रोसेसरचं जाडजूड पुस्तक मांडीवर घेऊन, चहा गार करत, तिने मला तीन दिवस घडवलं. शंभर वेळा आकडा लिहिला, शंभर वेळा परत विचारला. शेवटी म्हणाली, “शाबास रे पठ्ठ्या!” तेवढी एकच शाबासकी मला आयुष्यात मिळाली.

माझी नेमणूक झाली एका रुग्णालयाच्या रक्तपेढीसाठी. तिथल्या थंड खोलीवर लक्ष ठेवणारा प्रोग्रॅम म्हातारा होता, पण कामाचा. मी दर तीस सेकंदांनी त्याला उठवायचो, तो खोलीचं तापमान बघायचा, पारा चढला तर भोंगा वाजवायचा. खोलीची जबाबदारी एका ताईंकडे होती. बावीस वर्षांची नोकरी. रोज सकाळी आल्या आल्या त्या पोलादी दाराला तळवा लावायच्या, मगच पडद्यावरचा हिरवा दिवा बघायच्या. प्रोग्रॅम बसवायला चष्मेवाली तिथे गेली होती, तेव्हा तिला हसू आलं होतं. ताई म्हणाल्या होत्या, “हस बाई, हस. हाताची सवय आहे.”

पाच वर्षं सुरळीत गेली. मग चष्मेवालीची बदली दुसऱ्या मजल्यावर झाली आणि आमच्या नशिबी एक साहेब आले. त्यांना एकाच गोष्टीचं वेड, सगळं नीटनेटकं दिसलं पाहिजे. एखाद्या प्रोग्रॅमने ओळखीचा नसलेला कप्पा मागितला की कारभारी लॉगमध्ये, म्हणजे त्याच्या नोंदवहीत, लाल ओळ उमटवून ओरडायचा, ‘असा कप्पा माझ्याकडे नाही!’ ग्राहकांसमोर त्या लाल ओळी दिसल्या आणि साहेबांचा चेहरा पडला. त्यांनी हुकूम काढला. जुनी अडगळ झाडून टाका. आणि अनोळखी कप्पा कुणी मागितला तर ओरडू नका. वाचायला आला तर शून्य सांगा, लिहायला आला तर मुकाट्याने गिळून टाका.

अडगळ म्हणजे कोण? मी! कोण वापरतं, कशाला वापरतं, एका शब्दाने कुणी विचारलं नाही. चाळीस ओळी खोडल्या, राहिलं फक्त माझं नाव आणि त्या नावापुढे शून्य. अरे, ‘नाही’ म्हणू दिलं असतं तरी चाललं असतं! प्रोग्रॅम तिथल्या तिथे अडला असता, आरडाओरडा झाला असता, कुणीतरी धावत आलं असतं. ते नको होतं ना यांना!

शुक्रवारी प्रोग्रॅम पुन्हा सुरू झाला. त्याने हिरवा दिवा लावला, माझ्यात तीस लिहिले आणि निर्धास्त झोपला. ते तीस गिळले गेले. रविवारी, ताईंच्या सुट्टीच्या दिवशी, थंड खोलीचं मशीन बंद पडलं. भोंगा वाजला नाही, कारण वाजवणारा उठलाच नव्हता.

सोमवारी ताईंनी दाराला तळवा लावला, तर दार गार नव्हतं. आत रक्ताच्या एकशे सेहेचाळीस पिशव्या. सगळ्या फेकाव्या लागल्या. त्या दिवशी छतावरून पडलेला एक सुतार ऑपरेशनच्या टेबलावर होता. दुसरीकडून रक्त येईपर्यंत त्याला दोन तास तसंच ठेवलं. वाचला बिचारा.

चौकशी बसली. रुग्णालयाचे व्यवस्थापक म्हणाले, “ताई, दिवा हिरवा होता. कंप्युटर कशाला खोटं बोलेल? शनिवारी तुमच्याकडूनच दार उघडं राहिलं. तसं लिहून सही करा, बदलीवर भागवू. नाहीतर नोकरी जाईल.”

ताईंनी चष्मेवालीला फोन लावला. “अगं, बावीस वर्षं त्या दाराची कडी मी लावतेय. माझा हात विसरेल का गं?”

“सही करू नका ताई. मी बघते.”

ती तडक माझ्यापाशी आली. तीस लिहिले, परत विचारलं. लिहिलेलं परत सांगणं हा कप्प्याचा धर्म. मी म्हणालो, शून्य. तिने पुन्हा लिहिले, पुन्हा विचारलं. शून्य. “मेल्यांनो!” ती एवढ्या जोरात ओरडली की आख्खा मजला वळून बघायला लागला.

साहेब म्हणाले, “अगं, लॉग किती घाण दिसत होता! कुणी वापरत असेल असं वाटलं नाही.”

“विचारलंत का सर?”



ताईंची सही टळली. अहवालात लिहिलं ‘तांत्रिक अडचण’. त्यांची माफी मात्र कुणी मागितली नाही. ना साहेबांनी, ना व्यवस्थापकांनी. विचार केला तरी माझ्या चाळीसही ओळी तापतात. हो, त्या तिने परत लिहिल्या आणि त्यांच्या डोक्यावर ही सगळी हकिगत टिपून ठेवली, म्हणून तर मला ती ठाऊक. शेवटी तिने लिहिलंय, ‘हे काढायचं असेल तर आधी रक्तपेढीत ताईंना फोन करा.’

मित्रांनो, माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ म्हणा. लाल ओळ उमटली तर उमटू द्या, चारचौघांत शोभा झाली तर होऊ द्या. पण काहीतरी गोड आकडा ठोकून समोरच्याला झोपवू नका. आणि दुसऱ्याचं काम अडगळ म्हणून फेकण्याआधी, त्याच्या भरवशावर कोण जगतंय ते विचारा रे!

मी आता पुन्हा दर तीस सेकंदांनी चोख उठवतो. ताई अजून रोज दाराला तळवा लावतात. दिव्याकडे मात्र बघतसुद्धा नाहीत. बघा म्हणावं, तर कोणत्या तोंडाने म्हणू?