सईदाची दचक

सईदाच्या अंगात दचक शिरलीय, असं आख्खं पूर्णगड म्हणायचं. मडकं आपटलं की पोर उडायची, कोंबडी फडफडली की पाटी टाकून पळायची. मास्तरांनी हात टेकले होते. तिची आई हफीजा माझी शेजारीण. मीठ-मिरच्या मी उतरवल्या, पिराला चादर तिने चढवली. गुण शून्य.

खरं तर त्या दचकीवर गाव जगत होतं. धुक्यात परतणारी होडी खाडीच्या तोंडाशी भोंगा वाजवते. मग काठावरच्या बायकांनी डबे बडवायचे, म्हणजे आवाजाच्या रोखाने ती आत येते, खडकावर जात नाही. लाटांच्या गाजेत तो भोंगा आम्हाला कुठला ऐकू येतोय? सईदा दचकली की आम्ही डबे उचलायचो. पण फुकट मिळतं त्याची किंमत कोणाला असते.

अठ्ठावन्न साली तिचा बाप अयूब तिला रत्नागिरीला, मुंबईहून आलेल्या एका डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरने तिच्या पाठीमागे थाळी आपटली, पोर टेबलाखाली. त्याने विलायती गोळ्या दिल्या. "ही गोळी मोठ्यांची झोप उडवते, पण अशा पोरांना बसवते," म्हणाला. पुढच्या खेपेला थाळी आपटली, तर सईदाची नुसती पापणी लवली.

घरी हफीजाने एकच धोशा लावला, "काय पन वाजूदे, उठायचा नाय." सईदा पाटी भरून लिहू लागली. हफीजा आनंदाने रडली, मीही रडले.

पौषात एका सकाळी दाट धुकं पडलं. अयूबची होडी यायची होती. आम्ही डबे जवळ ठेवून मासळी खारवत बसलो. सईदा उंबऱ्यात लिहीत होती. ती दचकली नाही, म्हणून आम्ही निवांत. ऊन आलं तेव्हा खडकापाशी फळ्या तरंगत होत्या.

"तुला भोंगा ऐकायला आला नाय?" हफीजाने विचारलं.

"आला," सईदा शांतपणे म्हणाली. "तीनदा वाजला. उठायचा नाय, तूच सांगितलंस."

गोळ्या हफीजाने खाडीत फेकल्या. दचक परत आली. आता दाराची कडी वाजली तरी सईदा उडते, आणि हफीजा डबा घेऊन काठावर धावते. समोर कुठलीच होडी नसते. तिला थांब म्हणायला कोणाची जीभ रेटत नाही. आम्हीही आपापले डबे घेऊन तिच्या मागून जातो, आणि बडवत राहतो.