गणोजीरावांची उसनी आसवं

लग्न जमवताना थोडं खोटं चालतं म्हणतात. म्हणणाऱ्यांना कृतिका भेटलेली नसते.

तिचं माहेर अमझेऱ्याकडचं. वीरेंद्रचे पूर्वज गणोजीराव यांनी ते गाव ऐन खंडेनवमीला जाळलं होतं. तिथे अजून त्या दिवशी चूल पेटत नाही. आणि धारला वीरेंद्रच्या घरी त्याच दिवशी पुरण शिजतं, गणोजीरावांची तलवार पाटावर येते, नवी सून तिला कुंकू लावते आणि त्यांना नावानं हाक मारते.

"मला नाही जमायचं," कृतिका साफ म्हणाली होती.

"अगं, शेवटी पस्तावले ते," वीरेंद्र म्हणाला. "नदीकाठी बसून ढसाढसा रडले. म्हणाले, कुणीतरी मला नावानं हाक मारा रे!"

कृतिका विरघळली आणि लग्न झालं.

ते रडणं होतं रुद्रसेनाचं, देवासच्या मराठी मंडळाच्या नाटकातल्या खलनायकाचं. वीरेंद्र एरवी पीथमपूरच्या कारखान्यात नोकरी करी, पण दर नवरात्रात भावाला मारून नदीकाठी रडणारा रुद्रसेन होई. नाटकात रुद्रसेनाची आणि घरी गणोजीरावांची, दोन्ही तलवारी त्याच्याच हातात. कोणाचे अश्रू कोणाचे, हे सांगून सांगून तोच विसरला होता. काल कृतिका पहिल्या रांगेत होती. रुद्रसेन "कुणीतरी मला नावानं हाक मारा रे!" म्हणाला तेव्हा सारं देवास मुसमुसत होतं, तिचे डोळे कोरडे.

सकाळी, खंडेनवमीला, धारच्या बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली. बाहेर कापलेल्या सोयाबीनवर पिवळं धुकं होतं. वीरेंद्रला डुलकी लागली आणि पाहतो तर पुढच्या सीटवर दोघे शेजारी बसलेले. रुद्रसेनाच्या गालावर काजळ ओघळलेलं, गणोजीराव पान चघळत होते.

"लोक याच्यासाठी रडतात," गणोजीराव कुरकुरले. "माझ्यासाठी का नाही? गावं तर मी जास्त जाळली."

"गाव जाळल्यावर तुम्ही काय केलंत?" रुद्रसेनानं हळूच विचारलं.

गणोजीरावांनी बराच वेळ आठवून पाहिलं. खिडकीतून धूर आत येत होता आणि त्याला पुरणाचा वास होता.

"जेवलो," ते म्हणाले.

"भिया, धार आ गया!" कंडक्टर ओरडला.

घरी पाट मांडलेला होता. वीरेंद्रची आई, इंदिराबाई, गॅसवरचं पुरण ढवळता ढवळता म्हणाल्या, "चला सूनबाई, मुहूर्त टळतो."

कृतिकानं कुंकवाचं बोट तलवारीजवळ नेलं आणि तिथेच थांबवलं.

"सच सच सांगा. हे रडले होते?"

एक हो म्हटलं की सगळं निभावणार होतं. वीरेंद्रला तिची भयंकर भीती वाटली, आणि तितकीच ती हवीहवीशी वाटली.

"नाही गं. रडलो तो मी, नाटकात. यांचं रडणं कुणी ऐकलेलं नाही. गाव जाळून आले आणि जेवले असतील."

इंदिराबाईंचा पळीचा हात थांबला. कृतिकानं बोटावरचं कुंकू पदराला पुसलं.

"कालच उठून माहेरी जाणार होते मी. आज काय सांगता, तेवढं ऐकायला थांबले. आता राहते. पण हे माझ्याच्यानं होणार नाही."

इंदिराबाईंनी गॅस बंद केला.

"तुमच्याकडे आज काय खातात गं?"

"शिळी भाकरी. दही."

तिघं शिळी भाकरी-दही घेऊन पाटाकडे पाठ करून जेवायला बसली. गणोजीरावांना त्या वर्षी कुणी हाक मारली नाही.