शोभेच्या सवाऱ्या

धाडच्या स्टँडवर रिकाम्या जीपमध्ये कोणी बसत नाही. जीप भरायची असेल, तर ती आधीच भरत आलेली दिसावी लागते. म्हणून नंबर लागला की जीपवाले हिंमतराव पुढच्या सीटवर स्टँडवरच्या म्हाताऱ्या गोजरबाईंना बसवत आणि मधल्या सीटवर दोन मोकळे ड्रायव्हर. खरी माणसं आली की या शोभेच्या सवाऱ्या "मागून येतो" म्हणत एकेक करून उतरत. गोजरबाईंचा मोबदला दर वेळी एक कट चहा. बाई दिवसातून सहा-सात वेळा बुलढाण्याला निघत आणि एकदाही पोचत नसत.

हिंमतरावांची काळी-पिवळी जीप जुनी होती, पण तिचं परमिट म्हणजे त्यांची पाटीलकी. त्यांच्या सोयरिकीच्या वेळी मुलीकडच्यांनी आधी परमिट पाहिलं आणि मग मुलगा. मुलीचं नाव अन्नपूर्णा. ती अजून म्हणे, "आमच्या बापानं दोन्हीपैकी एकच निरखून पाह्यलं."

आता मात्र परमिटाला पाहायला कोणी येत नव्हतं. बुलढाण्याहून 'झपझप' नावाचं ॲप आलं होतं. फोनवर बोट ठेवायचं, की पांढरी एसी गाडी दारात. चौघांनी मिळून बोलावली, तर माणशी जीपपेक्षा थोडेच पैसे जास्त. सगळ्यात वाईट म्हणजे ती भरायची वाट बघत नसे.

"जीप इका, परमिट इका, अन् पांढरी गाडी घ्या," अन्नपूर्णाबाईंनी बाजाराच्या आदल्या दिवशी भाकरी थापता थापता सांगितलं. "पासिंग, इन्शुरन्स, टायर. उभ्या उभ्या खाऊन राह्यली तुमची जीप."

"अन् थे झपझपवाली कंपनी? भाड्यातला चौथा हिस्सा कापते म्हनतात."

"भाडं हाय म्हणून कापते. तुमचं काय कापीन? मिशा?"

हिंमतरावांना हे लागलं. त्यांनी पैज लावली. उद्या बाजाराचा दिवस. दिवेलागणीपर्यंत जीपनं भरून तीन खेपा मारल्या, तर बाईंनी परमिटाचं नाव काढायचं नाही. नाही मारल्या, तर येईल त्या भावात विकायचं.

"हाव," बाई म्हणाल्या. "अन् गोजरबाई मोजाची नाही."

बाजार भरला. भाजीच्या पाट्या, कोंबड्या, माणसं, सगळं आलं. लोक जीपपाशीही आले, पण सावलीला. जीपच्या सावलीत उभं राहून झपझपची वाट पाहत होते. ऊन सरकलं, तसा एक जण म्हणाला, "दादा, जीप जराशी पुढं घेता का?" आणि हिंमतरावांनी, स्वभाव भिडस्त म्हणून, घेतलीसुद्धा.

त्याच सावलीत कॉलेजला जाणारी अर्पिता फोनशी भांडत होती.

"काय झालं वं पोरी?"

"रेट वाढला काका. बोलावनारे जास्त झाले, की ॲप भाव वाढवते."

"त्याले कसं समजते जास्त झाले?"

"जितके फोन बोलावतीन तितके लोक, असं धरते."

"खरा मानूस हाय का नाही, पाहत नाही?"

"कसं पाहीन?"

हिंमतरावांच्या अंगावर काटा आला. इतकी शिकलेली कंपनी, आणि तिला शोभेची सवारी ओळखता येत नव्हती! ते पळतच स्टँडचे अध्यक्ष इंद्रभान यांच्याकडे गेले. इंद्रभाननी ऐकलं, तंबाखू थुंकली आणि स्टँडवरच्या सगळ्या ड्रायव्हरांना फोन काढायला लावले. ज्यांनी जन्मात झपझपचं नाव घेतलं नव्हतं, त्यांनी एका दमात झपझपला बोलावलं. गोजरबाईंनी नातवाच्या फोनवरून गाडी थेट चिखलीची मागितली.

"चिखली काऊन वं बाई?"

"जाचंच नाही, तं जराशी दूर जाऊ दे ना!"

"तिप्पट!" अर्पिता किंचाळली. "काका, तिप्पट दाखवून राह्यलं!"

सावलीतली माणसं वळली. एक चढला, दोघं चढले, मग टोपल्यांसकट एक अख्खं कुटुंब. गोजरबाई मानानं उतरल्या. जीपमध्ये कायद्यानं नऊ बसतात, रिवाजानं चौदा. बारा झाले. लोक ओरडू लागले, "चाल ना बे आता!" पण हिंमतरावांचं आयुष्य चौदावर गेलेलं. "आणखी दोन," म्हणत ते "बुल्डाना, बुल्डाना" पुकारत राहिले.

कोथिंबिरीचा भाव चढला, की दुसऱ्या दिवशी जिल्हाभराची कोथिंबीर बाजारात येते, हे या माणसानं जन्मभर पाहिलं होतं. पण कोथिंबिरीचं गाड्यांना लावायचं, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नाही.

आधी एक पांढरी गाडी वळणावर दिसली. मग तीन. मग मोजायची सोयच राहिली नाही. तिप्पट भावाचा वास लागून बुलढाण्याच्या, चिखलीच्या, कुठकुठच्या गाड्या धाडच्या स्टँडवर येऊन एकमेकींना भिडल्या. तोवर स्टँडवरच्या ड्रायव्हरांनी घाईघाईनं बोलावणी रद्द केली होती, त्यामुळे भाव धाडकन खाली आला. बारा माणसांनी एसीच्या काचांकडे पाहिलं, रिकाम्या सीटांकडे पाहिलं आणि जीपच्याच भाड्यात सौदा ठरवून ती भराभर उतरली. टोपल्यासुद्धा गेल्या.

पण जायचं कुठे? पांढऱ्या गाड्यांना एका फोनची एक सवारी माहीत. वाटून बसवणं माहीत नाही. एकीत सात घुसले, दुसरीत एकटी कोंबडी. पुढची मागे घेईना, मागची पुढे जाऊ देईना. हॉर्नचा नुसता बँड वाजू लागला.

हे मात्र हिंमतरावांना पाहवेना. पैज, जीप, बायको सगळं विसरून ते बॉनेटवर चढले. "थे सफेद वाली, मांगं! तू थांब बे! पह्यला नंबर याचा!" आणि स्टँड सुरू झाला. ज्याचा नंबर, त्याची गाडी भरायची. भरली की सोडायची. प्रसेनजित नावाच्या बुलढाण्याच्या तरुण ड्रायव्हरनं त्यांना ओरडून कोरडा पडलेला घसा ओला करायला पाणी दिलं आणि स्वतःच्या गाडीत बसवलं. एसीचं वारं मिशांतून गेलं, तेव्हा हिंमतरावांनी डोळे मिटले. असं गार त्यांना फक्त लग्नाच्या दिवशी वाटलं होतं, तेही तेव्हा पाऊस होता म्हणून. पाच मिनिटांसाठी बसलेला माणूस पंधरा मिनिटांनी उठला, आणि उठला तो पैज हरायचं ठरवूनच.

दिवेलागणीला अन्नपूर्णाबाई आल्या. "किती खेपा?"

"एकबी नाही," हिंमतराव नवरदेवासारखे हसत म्हणाले. "हरलो. इकून टाकू परमिट. पांढरी घेऊ. गार असते वं अंदरून!"

तेवढ्यात प्रसेनजित पुढे आला. "काका, इकता? मले द्या परमिट."

"घे ना!"

"थांबा," बाई म्हणाल्या. "काऊन पाह्यजे रे बाबू तुले?"

"मावशी, कंपनी चौथा हिस्सा नेते, डिझेल माहं. आज हिशेब केला. इथं नंबरात उभं राह्यलं, की स्टँडची वर्गणी एकदा देल्ली, बाकी सारं भाडं आपलं. पण अध्यक्ष म्हनतात, आजचं आज झालं. उद्यापासून परमिट असन त्यालेच नंबर."

इंद्रभाननी मान हलवली. बाईंनी पदर खोचला. वांग्यांच्या पाटीपुढे असतो तसा त्यांचा चेहरा झाला.

"किती देशीन?"

त्यानं आकडा सांगितला. हिंमतरावांनी हात पुढे केला. बाईंनी तो खाली दाबला. त्यानं आकडा वाढवला. मागे उभ्या एका पांढऱ्या गाडीवाल्यानं त्याहून जास्त सांगितला.

"आमाले इकाचंच नाही," बाई म्हणाल्या.

"अवं!" हिंमतरावांचा आवाज फाटला. "काल तूच म्हने ना, परमिट इका!"

"काल कोनी मांगत होतं का? दोघं दोघं मांगून राह्यले, अन् इकता?"

"पैज हरलो ना मी!"

"माफ केली. बसा."

त्या पुढच्या सीटवर चढल्या आणि दार धाडकन ओढून घेतलं. हिंमतरावांनी एकदा प्रसेनजितच्या गाडीच्या बंद काचांकडे पाहिलं आणि स्टार्टर मारला. दिवसाची पहिली खेप घराकडे निघाली. सवारी एकच होती, आणि भाडं देणार नाही म्हणून तिनं आधीच बजावलं होतं.