पान दोनशे चौदा

मित्रांनो, मी इतिहासाचे एक जुने पुस्तक आहे. माझी शिवण उसवली आहे, कोपरे झिजले आहेत, आणि पहिल्या पानावरच्या तक्त्यात माझ्या अवस्थेपुढे गेली कित्येक वर्षे 'वाईट' असेच लिहिले जाते. लिहोत बापडे. मी कुणाची कीव मागायला आलेलो नाही.

माझा जन्म १९७० सालचा. छापखान्यातून निघालो तो थेट कॅन्ससमधल्या एका गहू पिकवणाऱ्या गावाच्या शाळेत आलो. तिथला रिवाज असा, की पुस्तक शाळेचे. वर्षभर वापरायचे, पहिल्या पानावरच्या तक्त्यात आपले नाव, साल आणि पुस्तकाची अवस्था लिहायची आणि सुट्टी लागण्याआधी परत करायचे. आत एक रेघ जरी ओढली तरी शिक्षा. पण इतिहास शिकवणाऱ्या लिंडक्विस्टबाईंनी माझ्या एका पानाला यातून सूट दिली होती. ते पान दोनशे चौदा.

त्या पानावर १८६८ सालचा खटला आहे. राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांच्यावर महाभियोग चालला आणि ते अवघ्या एका मताने वाचले. वाचवणाऱ्यांत आमच्याच कॅन्ससचा, स्वतःच्या पक्षाविरुद्ध गेलेला एक सिनेटर होता. गावात अजूनही कोणी त्याला शूर म्हणतो, कोणी विकला गेलेला.

पोरे दरवर्षी तीच चूक करत. महाभियोग म्हणजे राष्ट्राध्यक्षाला घालवले, असे ठोकून देत. बाई म्हणत, "गहू पेरला म्हणजे कापला का रे? प्रतिनिधिगृह नुसता आरोप ठेवतं. खटला चालतो सिनेटपुढे. आणि घालवायचं तर तिथं तीनातले दोन जण लागतात." मग वर्गाचीच सिनेट होई. बाई एकेकाचे नाव पुकारत. त्याने उभे राहून 'दोषी' किंवा 'दोषी नाही' म्हणायचे, शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघायचे नाही, आणि मग आपले मत कारणासह पेन्सिलीने माझ्या कडेला लिहून खाली सही करायची. त्या वेड्यावाकड्या अक्षरांचा मला आजही अभिमान वाटतो.

पुढे गुळगुळीत कागदाची, रंगीत चित्रांची पुस्तके आली आणि मी बाईंच्या कपाटात गेलो. वर्षातून एकदाच, त्या एका पानासाठी, बाई आम्हा जुन्या पुस्तकांना बाहेर काढून वर्गात वाटत.

१९९९ सालच्या जानेवारीत वॉशिंग्टनमध्ये त्या वेळच्या राष्ट्राध्यक्षांवर महाभियोगाचा खराखुरा खटला उभा राहिला आणि गावात शेजारी शेजाऱ्याशी बोलेनासा झाला. चर्चच्या जेवणातसुद्धा दोन पंगती पडल्या. शाळा मंडळावरचे व्हर्लिन ऊन्रू सर्वांत जास्त तापले. त्यांनी ठराव आणला, की हा धडा यंदापासून बंद, आणि जुन्या पुस्तकांतली ती पाने चिकटवून टाकायची. गोंदाची बाटली आधीच आणून ठेवलेली मी या डोळ्यांनी पाहिली. मित्रांनो, मला फाडले असते तरी एक वेळ चालले असते. पण तोंड चिकटवून कपाटात शहाण्यासारखे उभे राहायचे? ते मला मान्य नव्हते.

मंडळाची सभा शाळेच्या व्यायामशाळेत भरली. त्या वर्षी मी ऊन्रूंच्याच मुलीच्या, जॉनेलच्या वाट्याला आलो होतो. माझ्या पहिल्या पानावर तिला एक ओळखीचे नाव सापडले होते. ती मला घेऊन उभी राहिली.

"खाली बस, जॉनेल," ऊन्रू म्हणाले. "घरी बोलू आपण."

"घरी तुम्ही बोलता, बाबा. मी नुसती ऐकते," ती म्हणाली. "इथं नियमानं प्रत्येकाला तीन मिनिटं बोलता येतं. ही माझी आहेत."

मागच्या बाकांवर हशा पिकला. तिने दोनशे चौदावे पान उघडले आणि ती कडेचे वाचू लागली.

"'दोषी नाही. हा माणूस मला मुळीच आवडत नाही. पण न आवडणं हा पुरावा नव्हे. हे ऐकून बाबा चिडतील. चिडू देत.' खाली सही आहे. व्हर्लिन ऊन्रू, १९७४."

हशा थांबला. ऊन्रूंनी हात पुढे करून मला घेतले, चष्मा कपाळावर सरकवला आणि आपले सोळाव्या वर्षीचे अक्षर ओळीवर बोट ठेवून वाचले.

"आठवडाभर अबोला धरला होता माझ्या बाबांनी," ते हळूच म्हणाले. मग आवाज चढवून म्हणाले, "ठराव मी मागे घेतो."

"पलटलास होय रे, व्हर्लिन?" मागून एका म्हाताऱ्याने विचारले.

"पलटलो नाही, काका. आठवलं."

दुसऱ्या दिवशी वर्गात बाईंनी नाव पुकारले तेव्हा जॉनेल उभी राहिली, कुणाकडे न बघता आपले मत बोलली आणि बापाच्या सहीखाली लिहू लागली. 'दोषी. नुकत्याच गुलामीतून सुटलेल्या माणसांना यानं वाऱ्यावर सोडलं. बाबा चिडतील. चिडू देत.'

ऊन्रू खरेच चिडले, असे ऐकतो. मे महिन्यात तक्त्यात माझी अवस्था पुन्हा 'वाईट' लागली. लागो.

मित्रांनो, मला पुठ्ठा घाला, कसरीपासून जपा, मी नाही म्हणणार नाही. पण माझी पाने चिकटवायला कोणी आले, तर उभे राहा आणि आपले नाव सांगा. पेन्सिलीला टोक करून ठेवा. पान दोनशे चौदाच्या कडेला अजून दोन बोटे जागा शिल्लक आहे.