सहावी वाटी

"गळतंय! अगं बाई, सगळं खाली गळतंय!"

सून ओव्हनपुढे उकिडवी बसून ओरडली, तेव्हा माझ्या हातात माळ होती. आमचं स्वयंपाकघर एवढंसं, की ओव्हनचं दार उघडलं की फ्रिजचं उघडत नाही. त्या दोघांसमोर, खिडकीखाली, माझं जपाचं आसन. जळक्या साखरेचा धूर थेट माझ्या नाकातोंडात आला, पण मी खोकलासुद्धा दाबला. उठल्यापासून नऊ वाजेपर्यंत माझं मौन असतं आणि बावीस वर्षांत ते एकदाही मोडलेलं नाही.

तिची ही पहिलीच ऑर्डर. समोरच्या दवाखान्यातली एक नर्स निवृत्त होत होती, तिच्या निरोपाला बारा मफिन साडेदहापर्यंत पोचवायचे होते. गेला आठवडाभर घरात दुसरा विषय नव्हता. सहा-सहा वाट्यांचे दोन सिलिकॉनचे साचे आणले होते, गुलाबी, लुसलुशीत. आता त्यातल्या एका साच्याच्या शेवटच्या वाटीतून पीठ ठिबकून खालच्या तापल्या सळईवर जळत होतं. त्या धुराचा वास बाराच्या बारा मफिनना लागला होता.

तिनं साचा बाहेर काढला, सहावी वाटी रिकामी केली आणि उजेडात धरून ताणली. तळाशी नखाएवढी चीर होती.

"मावशी, इकडे या."

मावशी म्हणजे आमच्याकडे भांडी घासणाऱ्या बाई. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, पण साऱ्या इमारतीच्या मावशी. हात पुसत आल्या.

"हे तारेच्या घासणीनं घासलंत ना? किती वेळा सांगितलं, हे नाजूक असतं म्हणून!"

"नाही हो ताई. मी तर नुसत्या बोटांनी धुते. मोजा उलटा केल्यासारखा करून. तुम्हीच दाखवलं होतं की."

ते खरं होतं. पहिल्या दिवशी साचा हातात घेऊन मावशी किती हसल्या होत्या! "हे कसलं भांडं, काकू? आपटलं तरी आवाज नाही. नवऱ्यावर राग काढायचा झाला तर काही कामाचं नाही."

"मग चीर काय आपोआप पडली?" सुनेचा आवाज रडकुंडीला आला होता. बोलायचं नव्हतं तेही मग ती बोलून गेली. "आणि काल सहातला एक कमी होता. मी विचारलं नाही हं तुम्हाला. पण खायचा होता तर मागायचा. मी नाही म्हटलं असतं का?"

मावशींनी मान वर केली. सुनेकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. क्षणभरच.

माझी माळ चालू होती. बोटं मणी ओढत होती, मनात नाव नव्हतं.

आदल्या दिवशी दुपारी सुनेनं चव बघायला म्हणून पहिले सहा मफिन केले होते. केळं आणि अक्रोड घातलेले. "गार होऊ देत, मग मावशी काढून ठेवतील. सुरी मात्र लावायची नाही हं कुणी," असं बजावून ती नातीला शाळेतून आणायला गेली. मी दिवसातून एकदाच जेवते, दिवेलागणीनंतर. हेही व्रतच. यजमान गेल्यावर घेतलेलं. लोक मला मानतात ते यामुळेच. सून तर आल्यागेल्याला सांगते, आमच्या आई म्हणजे देवमाणूस.

तो वास घरभर पसरला. मी पुस्तक उघडून बसले. एकच ओळ चारदा वाचली. मग उठले.

गार होईपर्यंत थांबले असते तरी चाललं असतं. तेवढाही धीर निघाला नाही. वाटीच्या कडेनं सुरी फिरवली, टोक खाली कुठेतरी रुतल्यासारखं वाटलं. मी अंगठ्यानं तिथे दाबलं, काही दिसेना. मग सिंकसमोर उभी राहून, जीभ पोळत, चोरासारखा तो मफिन खाल्ला. सुरी खरकट्यात सारली आणि पुन्हा पुस्तकापुढे येऊन बसले.

थोड्या वेळानं मावशी आल्या. सुरी धुतली, उरलेले पाच काढून ताटलीत मांडले. केर काढता काढता माझ्यापाशी थांबल्या. "काकू, सांडलंय हो काहीतरी," म्हणत उघड्या पानावरचा तपकिरी चुरा त्यांनी आपल्या हातावर झटकून घेतला आणि केराच्या डब्यात टाकला.

आणि आता त्या मान खाली घालून म्हणाल्या, "असेल ताई. माझ्याच हातून झालं असेल."

उरलेली भांडी त्यांनी घासली, एकही राहू दिलं नाही. ओव्हनखालचं जळकं पीठसुद्धा खरवडून काढलं. फडकं पिळून नळावर पसरलं आणि म्हणाल्या, "उद्यापासून दुसरी बाई बघा, ताई. एकदा मन खट्टू झालं की त्या घरात हात चालत नाही."

सून गाळणीतून नवं पीठ चाळत होती. वर न बघता "ठीक आहे" म्हणाली.

मी उठले. गुडघे धरून, भिंतीच्या आधारानं दारापर्यंत गेले. मावशी चपला घालत होत्या. मी तोंड उघडलं.

"काकू," त्या हळूच म्हणाल्या, "नऊ वाजायचेत अजून."

मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला, झिडकारून नाही, भरलेली कपबशी काढून घ्यावी तसा, अलगद.

"इतक्या वर्षांचं आहे. माझ्यापायी नका मोडू."

आवाजात राग असता तर बरं झालं असतं. जिना उतरताना त्यांनी मागे पाहिलं नाही.

आणि मी काय केलं? आत येऊन बसले. घड्याळाकडे बघत नऊ वाजू दिले.

नऊला सुनेला सगळं सांगितलं. सुरी, मफिन, पुस्तकावरचा चुरा, सगळं. ती दुसऱ्या घाण्याचे मफिन बोटानं ढकलून काढत होती. ऐकता ऐकता तिचा चेहरा निवळला आणि डोळे भरून आले.

"आई, कमाल आहे तुमची. कुणावर आळ आला की तुम्हाला बघवतच नाही. तिच्यासाठी स्वतःवर घेताय?"

"अगं, खरंच मी खाल्ला."

"तुम्ही? आणि दुपारी चारला?" ती हसली, पिठाच्या हातानंच माझ्या पाया पडली. "राहू दे आता. गेली ती गेली."

मावशींचं घर कुणाला माहीत नव्हतं. खालच्या रखवालदाराला दोनदा विचारलं. "ती इकडचं काम सोडून गेली, आजी," एवढंच तो म्हणाला.

दुसरी बाई मी लावू दिली नाही. सुनेच्या ऑर्डरी वाढल्यात. त्या साच्यात ती पाचच वाट्या भरते, सहावी रिकामी ठेवते. संध्याकाळी साचे मी धुते, नुसत्या बोटांनी. मोजा उलटा करावा तशी सहावी वाटी उलटी केली की तळाची चीर उघडते. हात काढला की पुन्हा मिटते, तिथे काही आहे असं कुणालाही वाटू नये, इतकी.