चाचणीच्या टेबलाखालचा पाय

खेळण्यातल्या आगगाड्यांच्या बंद कारखान्यात सकाळी आठपासून रीघ लागली होती. गंजलेल्या प्रेसच्या कठड्यांवर बायका मुलांना घेऊन बसल्या होत्या आणि सगळ्यांचे डोळे मधल्या लांबट टेबलावर खिळले होते. बारा वर्षांपूर्वी इथली वीज कापली होती. तरी टेबलावरच्या गोल रुळांवर वीतभर लांबीचं लाल इंजिन दोन डबे ओढत गरागरा फिरत होतं.

"ना चावी, ना वीज!" टेबलामागे उभे असलेले कफनीतले बुवा गरजले. "मालकांचा आत्मा गाडी ओढतोय! ज्याच्यापुढे थांबेल त्याने औषध या पत्र्याच्या डब्यात टाकावं. दुखणं गाडीबरोबर गेलं!"

दुखणं घेऊन गेलेली गाडी दर मिनिटाला परत त्याच जागी कशी येते, हे विचारायला कुणाला फुरसत नव्हती.

पहिल्या रांगेत, खुर्चीवर टेस्टर बसला होता. एकेकाळी प्रत्येक नवं इंजिन याच टेबलावर त्याच्या हातून पास व्हायचं, म्हणून वस्ती त्याला टेस्टर म्हणे. कारखाना बंद झाला, नाव तेवढं उरलं, आणि कामाबरोबर मानही गेला.

खरं तर बुवांनी गाडी मांडली त्या पहिल्याच दिवशी त्याच्या कानांनी चोरी पकडली होती. इंजिन थांबलं की टेबलाखाली 'कट्' असा बारीक आवाज यायचा. तेल घालताना दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून तिथलं पेडल त्यानेच बसवलं होतं. पायाने दाबलं की रुळांतली वीज तुटायची आणि इंजिन जागच्या जागी उभं राहायचं. आता टेबलावर जमिनीपर्यंत चादर होती, आणि बुवांचा चेला अर्धे डोळे मिटून तिला लगटून ध्यानाला बसला होता. ध्यान कसलं, त्याचा एक पाय चादरीआड होता.

त्या पहिल्या दिवशी टेस्टर तोंड उघडणार तोच इंजिन त्याच्यापुढेच थांबलं.

"मालकांनी निवडलं!" बुवा म्हणाले. "कारखाना उघडेल तेव्हा पहिली गाडी हेच सोडणार!"

कुणीतरी धावत खुर्ची आणली. बारा वर्षांत त्याला कुणी 'बस' म्हटलं नव्हतं. टेस्टर बसला, आणि तोंडात मिठाची गुळणी धरून बसला.

तिसऱ्या दिवशी गाडी त्याच्या धाकट्या बहिणीपुढे थांबली. पूर्वी ती इंजिनांच्या खिडक्या रंगवायची. फिट येऊ नये म्हणून तिला रोज दोन गोळ्या लागत. बुवांनी डबा दाखवला. तिने पाकीट काढलं आणि भावाकडे पाहिलं.

"दादा, टाकू?"

अख्खी गर्दी त्याच्याकडे बघत होती. त्याने होकारार्थी मान हलवली.

चार दिवसांनी ती स्वयंपाकघरात कोसळली. ओट्याची कड लागून कपाळाला सहा टाके पडले. "गोळ्या अशा अचानक बंद करतात का? जीव गेला असता. कुणी सांगितलं होतं?" डॉक्टरांनी विचारलं. टेस्टरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती मात्र भावाचं नाव न घेता भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

दुसऱ्या दिवशी तो थेट टेबलाशी गेला.

"लांब राहा! अविश्वासाने गाडी कोपते!" बुवा ओरडले.

"कोपू दे." त्याने चादर खसकन ओढली. खाली मोटारीची बॅटरी होती, तिच्यातून दोन वायरी रुळांपर्यंत गेल्या होत्या, आणि चेल्याच्या पायाचा अंगठा पेडलवर होता. टेस्टरने त्याला बाजूला सारून स्वतःचा पाय ठेवला. "हे दाबलं, आत्मा थांबला. हे सोडलं, आत्मा पळाला. कुणीही या, करून बघा."

एक पोरगी पुढे झाली. तिने तीनदा आत्मा थांबवला. लोक हसायला लागले, तेवढ्यात बुवांनी कफनी सावरून मागचं दार गाठलं.

इथे प्रेस चालवणाऱ्याची म्हातारी आई मात्र हसली नाही. तिच्या कडेवरचा नातू धापा टाकत होता.

"हे पेडल तुझंच ना रे? मग तुला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी."

"याच्या दम्याचं औषध मी तुझ्याकडे बघून बंद केलं. म्हटलं, टेस्टर बसलाय तर खोटं कसं असेल!"

त्याला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपण गडप व्हावं.

"गाडी चालली तर वायर शोधायची," तो कसाबसा म्हणाला. "सापडली नाही तर आणखी शोधायची. दुखण्याचं डॉक्टरला विचारायचं, डब्याला नाही. आणि ज्याला वायर दिसते त्याने बोलायचं. मी बोललो नाही. मला खुर्ची गोड लागली. चल काकू, दवाखान्यात मी येतो सोबत."

"मी नेते याला. तू घरोघर जा," म्हातारी म्हणाली. "ज्यांनी औषधं टाकलीत त्यांना सांग."

त्या दिवशी टेस्टर एकेचाळीस दारं फिरला. पेडल कसं चालतं हे कुणी आधी ऐकून घेईना. प्रत्येक दारात पहिल्यांदा एकच विचारलं जाई, आणि प्रत्येक दारात त्याला मान खाली घालून सांगावं लागे की हो, मला माहीत होतं.